टीपकागदाचा रंग

४ मार्च

ढब्बू,

तब्येत-पाणी विचारायच्या मनःस्थितीत मी नाही, तेव्हा ते राहू दे.

तुझं पाकीट काल मिळालं. दुपारची पाळी संपवून क्वार्टरवर आले आणि हातपाय न धुताच ते फोडलं. फोटोच्या मागे तू लिहिलं आहेस, ‘टीपकागद मजेत आहे.’ उलटून पाहिलं तर बरणीत एक निळाजांभळा मासा. हा कोण?

आईचा टीपकागद पांढराशुभ्र होता. अंगावर शाईचे शिंतोडे उडावेत तसे सात-आठ निळे ठिपके, म्हणून तर तिने त्याला हे नाव ठेवलं. तिने अंड्यापासून वाढवलेला हा शेवटचा फायटर मासा. बाकीचे सगळे आपण मासेवाल्याला देऊन टाकले, एवढा एक मी मागून घेतला. इथे एका खोलीत आम्ही तिघी नर्सेस राहतो, बरणी ठेवायला खिडकीची कडसुद्धा माझ्या वाट्याला येत नाही, म्हणून तो तुझ्याकडे ठेवला. मेमध्ये वेगळी खोली मिळाली की नेईन म्हणाले होते. सहा महिने एक बोटभर मासा सांभाळ, एवढंच मागितलं होतं.

तो मेला ना? मेला, आणि तू दुसरा विकत आणून बरणीत सोडलास. तुला वाटलं असेल, नर्सबाईला काय कळतंय, फायटर म्हणजे फायटर.

हे तू पहिल्यांदा करत नाहीस. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सात आठवडे तू फोनवर मला एकच टेप ऐकवलीस, ‘आई बरी आहे, जरा खोकला आहे.’ मी पोचले तेव्हा पलंगावरची चादरसुद्धा बदलून झाली होती. रोज मी परक्यांच्या आयांच्या उशाशी उभी असते. माझ्या आईच्या उशाशी तू मला उभं राहू दिलं नाहीस.

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. फोनवर बोललेलं तू दुसऱ्या दिवशी फिरवतोस. कागदावर लिही, खाली सही कर. मासा कधी मेला, कशाने मेला आणि त्याचं काय केलंस.

ताई


११ मार्च

ताई,

तुझं पत्र दुकानात आलं. खुर्चीत एक आजोबा डोळे तपासायला बसले होते. मी त्यांना खालून दुसरी ओळ वाचायला सांगितली आणि स्वतः तुझं पत्र वाचत बसलो. त्यांनी बिचाऱ्यांनी ती ओळ तीनदा वाचली, मग म्हणाले, ‘तुम्हाला बरं नाही का?’

मासा मेलेला नाही. हा तोच आहे. सही करून सांगतो.

जानेवारीत मलाही घाम फुटला होता. ठिपके पसरायला लागले, आधी पाठीवर, मग परांवर. काहीतरी रोग झाला असं समजून मी त्याला घेऊन मासेवाल्याकडे पळालो, ज्याला आपण आईचे मासे दिले त्याच्याकडेच. तो हसायला लागला. म्हणाला, ‘अहो, हा मार्बल. लाल फायटर जन्मभर लाल राहतो. फिक्या अंगाचा आणि लाल परांचा कंबोडियन घ्या, तोही तसाच राहतो. कॉपर तांब्यासारखा चमकतो तो चमकतच राहतो. मार्बलच्या अंगात रंग एका जागी बसत नाही. इथून उठतो, तिथे बसतो. पांढरा नेलेला सहा महिन्यांत निळा होतो, आणि पुढे निळ्यातून पुन्हा पांढरा डाग निघेल, सांगता येत नाही. माझी गिऱ्हाइकं भांडायला येतात, मासा बदलून दिलात म्हणून.’

अगदी तुझ्यासारखी गिऱ्हाइकं.

आता माझंही ऐक. तू अकरा दिवस राहिलीस. कपाटं आवरलीस, मला जे सुनवायचं ते सुनावलंस आणि गाडीत बसलीस. आईच्या शिवणयंत्रात अजून धागा ओवलेला आहे. तो रोज मी बघतो, तू नाही. एक दिवसाआड बरणीचं पाणी बदलतो, तुला वाटतं मी मासे बदलतो.

राहिली आईची गोष्ट. ते मी ठरवलं नव्हतं. आईनेच सांगितलं होतं, ‘तिला कळवू नकोस, उगाच तिच्या जिवाला घोर लागेल.’ जाणाऱ्या माणसाचा शब्द मी पाळला. त्याबद्दल शिव्या घालायच्या असतील तर खुशाल घाल.

ढब्बू


१९ मार्च

चष्मेवाले महाशय,

सुट्टीच्या दिवशी मी इथल्या माशांच्या दुकानात गेले. दुकान एक बाई चालवतात. त्यांना तुझं मार्बल पुराण सांगितलं. त्या म्हणाल्या, खरं आहे. त्यांच्याकडेच एक मासा होता, आणला तेव्हा गुलाबी, आता अर्धा काळा. तेवढ्यापुरते तुझे शंभरापैकी शंभर.

मग मी फोटो पुढे केला आणि म्हटलं, हा हाफमून आहे का? त्यांनी भिंग लावलं. म्हणाल्या, ‘छे हो, हा प्लाकाट दिसतोय.’

तुझ्या लक्षात आलं असेलच. आईने आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवले, म्हणून माशांच्या शेपट्यांनाही तिची शिवणातलीच नावं. क्राउनटेलचे काटे पडद्याबाहेर लोंबतात, तो ‘झिरमिळ्या’. दोन शेपट्यांचा, तो ‘दोन कळ्यांचा’. आखूड, गोल शेपटीचा प्लाकाट म्हणजे ‘आखूड बाहीचा’. आणि हाफमून हा ‘अर्ध्या घेराचा’. शेपटी पसरली की वरची कड आणि खालची कड एका रेघेत, बरोबर अर्धं वर्तुळ. टीपकागद अर्ध्या घेराचा होता. तो फुलला की आई हातातलं काम टाकून बघत बसायची. म्हणायची, ‘असा घेर मला आजवर एकाही कापडात साधला नाही.’

तुझ्या फोटोतला मासा आखूड बाहीचा आहे.

रंग उठतो-बसतो, कबूल. शेपटी आटते का रे? का धुतल्यावर आक्रसली म्हणशील?

तू लोकांचे चष्मे बनवतोस. मला आंधळी समजू नकोस. पुढच्या पत्रात एक शब्दही खोटा निघाला तर मी पुन्हा लिहिणार नाही. मग तुझ्यापुरती ताईसुद्धा गेली असं समज.

ताई


२८ मार्च

ताई,

पकडलंस. घे आता.

मासा तोच आहे, पण शेपटी त्याची त्यानेच खाल्ली. आणि त्याला कारण मी.

फेब्रुवारीत मागच्या गॅलरीत दुपारी ऊन यायला लागलं. बरणीचं पाणी हाताला कोमट लागायचं. मी दिवसभर दुकानात असतो, घरात बघायला कोणी नाही. म्हणून बरणी दुकानात नेऊन काउंटरवर ठेवली. दुकान थंड असतं, लोक येता-जाता बघतात, त्यालाही करमेल असं वाटलं. दुकानात आरसे किती आहेत ते तुला माहीत आहे. भिंतीवर चार, काउंटरवर दोन, शिवाय फ्रेम लावून बघायचे हातातले वेगळे. त्याला चहूकडून दुसरे फायटर दिसायला लागले. सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत तो गालफडं फुगवून, सगळे पर ताणून आरशांशी भांडायचा. मला वाटलं खुशीत आहे. गिऱ्हाइकांना मी कौतुकाने दाखवायचो, ‘बघा, कसा फुलतो!’ आठव्या दिवशी दुकान उघडलं तर शेपटीच्या चिंध्या. मासेवाला म्हणाला, या लांब परांच्या जातीला तेवढा भार दिवसभर पेलत नाही, वैतागले की स्वतःचीच शेपटी कुरतडतात.

आई बरण्यांच्या मधे पुठ्ठे लावायची. एकाला दुसरा दिसू नये म्हणूनच लावायची हे मला लहानपणापासून माहीत होतं. माहीत असून मी त्याला आरशांत नेऊन ठेवलं. बोल आता काय बोलायचं ते.

तू ओरडशील म्हणून लिहिलं नाही. जखम भरेपर्यंत थांबलो आणि शेपटी कमी दिसेल असा फोटो काढला.

पुरावा पाठवतोय. पोटाखाली दोऱ्यासारखे दोन पर असतात, आई त्यांना मिश्या म्हणायची. टीपकागदाची डावी मिशी जन्मापासून आकड्यासारखी वाकडी. आईने काढलेला जुना फोटो आणि परवाचा फोटो, दोन्ही सोबत आहेत. जोडून बघ. नवी शेपटी आता फुटते आहे. कडेला काचेसारखी पारदर्शक दिसते, रंग नंतर भरतो म्हणे. मी कोनमापक धरून मोजली. एकशे दहा अंश उघडते. पूर्वी एकशे ऐंशी होती. बरणी आता घरात आहे, आईच्या खोलीत, थंड कोपऱ्यात. दुपारी दुकान बंद करून बघून येतो.

खोटं बोललो. पण तो जिवंत आहे.

ढब्बू


५ एप्रिल

ढब्बू,

दोन्ही फोटो जोडून पाहिले. मिशी तीच आहे. मासा तोच आहे. मी तुझ्यावर तो मारल्याचा आळ घेतला, तो मागे घेते. आरशांचं वाचून मात्र तुझ्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

पण आता मला दुसरंच काही सुचेनासं झालंय. वॉर्डात इंजेक्शन भरताना, जेवताना, बसच्या रांगेत, तुझ्या पहिल्या पत्रातलं ते आईचं एक वाक्य डोक्यात फिरतंय. तुला शेपटी लपवायची होती तर तू नुसता कॅमेऱ्याचा कोन बदललास आणि मागे लिहिलंस, मजेत आहे. किती सहज केलंस! मग आईचं वाक्यही तू असंच जुळवलं नाहीस कशावरून?

‘उगाच तिच्या जिवाला घोर लागेल.’ ढब्बू, आई असं बोलायची का? पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिने वॉर्डातल्या फोनवर मला गाठलं आणि दोन शब्द सांगितले, ‘रजा टाक.’ दाढ काढायची होती तरी मला बोलावलं होतं तिने. तुझ्यासमोर म्हणाली होती, ‘घरात नर्स असताना मी परक्यांच्या हाताने गोळ्या का घेऊ?’ आणि ती बाई मरायला टेकल्यावर म्हणाली, तिला कळवू नकोस?

हे वाक्य आईचं नाही. तिच्या तोंडच्या वाक्याला अशी झालर कधी नसायची.

एका ओळीत उत्तर हवं आहे. आई असं म्हणाली होती का? हो किंवा नाही.

ताई


२७ एप्रिल

तीन आठवडे झाले. उत्तर नाही. तुझ्या दुकानात फोन केला, आवाज ऐकून तू ठेवून दिलास. उत्तर काय आहे ते मला कळल्यात जमा आहे. तरी ते मला तुझ्या अक्षरात पाहिजे. एवढं तरी माझं देणं लागतोस.

ताई


२ मे

ताई,

नाही.

हा एक शब्द लिहून तीन वेळा कागद फाडला. चौथ्यांदा लिहितोय.

आई असं काही म्हणाली नव्हती. ती तुला बोलाव म्हणत होती.

पहिल्यांदा म्हणाली ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. रिपोर्ट आले त्याच दिवशी. ‘ताईला बोलाव.’ मी म्हणालो, ‘बोलावलंय.’ चार शब्दांत तिला धाप लागायची, म्हणून फोन माझ्याकडेच असायचा. ती म्हणायची, ‘तूच बोल.’ मी गॅलरीत जाऊन तुझ्याशी बोलायचो. जरा खोकला आहे म्हणायचो. आत येऊन तिला सांगायचो, ‘विचारत होती तुला.’

मग दिवाणावरून तिने एकदा विचारलं, ‘तिची रजा झाली का मंजूर?’ मी म्हणालो, ‘वॉर्डात माणसं कमी आहेत, मिळाली की निघेल.’ तुझ्यावर ढकललं मी, ताई. ती म्हणाली, ‘असू दे, तिचं कामच तसं आहे.’

शेवटच्या आठवड्यात तिने शेजारच्या बाईंकडून केस विंचरून घेतले. खुर्ची खिडकीशी ओढायला लावली. म्हणाली, ‘गाडी किती वाजता येते?’ मी म्हणालो, ‘उद्या.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्ची खिडकीशी. तेव्हाही मी उद्याच म्हणालो.

का केलं, ते सांगतो. सबब म्हणून नाही, तू विचारशील म्हणून. ऑगस्टात तू म्हणाली होतीस, खोकला लांबलाय, तिच्या छातीचा फोटो काढून घे. मी दुकानात नवी कपाटं आणि आरसे बसवत होतो. पुढच्या आठवड्यात नेतो, पुढच्या आठवड्यात नेतो, असं करत ऑक्टोबर उजाडला. डॉक्टर पहिलं वाक्य बोलले, ‘फार उशीर केलात.’ तू आली असतीस तर आधी फाइल उघडली असतीस आणि पहिल्या पानावरची तारीख पाहिली असतीस. तुझ्या त्या नजरेला मी घाबरलो. वाटलं, औषधं लागू पडतील, जरा सावरेल, मग सांगू. सावरली नाही. आणि प्रत्येक दिवशी सांगणं आदल्या दिवसापेक्षा कठीण होत गेलं.

तू चादरीचं लिहिलंस. ती मीच बदलली होती. काहीतरी नीट करून ठेवावं म्हणून.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

ढब्बू


९ मे

ढब्बू,

तुझं पत्र मी वॉर्डातल्या सामानाच्या खोलीत उभी राहून वाचलं. मग ड्रेसिंगचा अख्खा ट्रे भिंतीवर फेकला. अठरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. मोठ्या सिस्टरांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं हातातून निसटला. बघ, मलाही येतं.

खुर्चीचं तू लिहायला नको होतंस. नाही, लिहायलाच हवं होतं. पण आता रोज गाडीने कामावर येताना प्रत्येक खिडकीत मला विंचरलेले केस दिसतात. हे तू मला दिलंस. ती तिकडे बसून समजत होती की ताईला रजा घ्यावीशी वाटत नाही. ‘असू दे’ म्हणाली! माझ्यावर रागावली असती तरी चाललं असतं. तिने मला समजून घेतलं, आणि जे मी केलंच नव्हतं त्यासाठी घेतलं. हे मी तुला कधीही माफ करणार नाही. म्हातारी झाले तरी नाही. आरशांचं विसरेन, तारखेचंही कदाचित विसरेन. उशीर माणसांच्या हातून होतो, रोज बघते मी. पण मी येत नाही असं तिला सांगितलंस, ते नाही.

आता माझं लिहिते. तुझ्याकडून लिहून घेतलं, तर मीही लिहिलं पाहिजे.

ऑक्टोबरच्या शेवटी एकदा शेजारच्या बाईंच्या फोनवरून आईचा फोन आला होता. तुला माहीत नाही. तू दुकानात असशील. मी पाळीवर होते, कॉरिडॉरमध्ये जाऊन घेतला. ती फक्त एवढंच म्हणाली, ‘कधी येतेस?’ मी म्हटलं, ‘बघते गं, डिसेंबरात.’ ती ‘बरं’ म्हणाली आणि ठेवला. दोन शब्द आणि एक ‘बरं’. पण त्या मधल्या वेळात मी तिचा श्वास ऐकला, ढब्बू. वरचा वर, आखूड, शेवटाला शीळ. तो श्वास मी रोज ऐकते. तशा श्वासाच्या माणसाला आम्ही खिडकीजवळचा बेड देतो आणि नातेवाइकांना बोलावून घेतो.

मी तिला परत फोन लावला नाही. तुला लावला. तू म्हणालास, जरा खोकला आहे. आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवला. ठेवला म्हणजे ठेवून घेतला. कारण वॉर्ड भरलेला होता, बढतीची मुलाखत होती, आणि तुझं खोटं मला त्या दिवशी फार सोयीचं होतं. नर्सने ऐकलं ते मुलीने ऐकलं नाही असं केलं. सहा महिने मी तुझ्यावर ओरडत राहिले, ते थोडं यासाठीही, की ओरडणं थांबलं की तो श्वास ऐकू येतो.

हे वाचून तुला हलकं वाटलं तर खबरदार. तुझं तुझ्याकडे, माझं माझ्याकडे. वजाबाकी करायची नाही.

मला खोली मिळाली आहे. मी मासा न्यायला येते आहे. आधी ठरवलं होतं, तुला दुकानात असू द्यायचं, शेजारच्या बाईंकडून किल्ली घ्यायची, बरणी उचलायची आणि तोंड न बघता परत फिरायचं. तसं पत्र लिहूनही टाकलं होतं. फाडलं. दोन महिने कागदावर भांडतेय मी, आणि अजून निम्मंही बोलून झालेलं नाही.

रविवारी दुपारच्या गाडीने येते. दुकान बंद ठेव आणि घरीच थांब. भांडायला समोर माणूस लागतं.

ताई